रेघेच्या आसपास

सिग्नल हिरवा झाला होता. त्यात शंकेला जागाच नव्हती. रस्ता मोकळा, पुढे एकही गाडी नाही, दिवा चांगला डोळ्यांसमोर, आणि बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत शांत बसलेले. शेजारी बसलेल्या तिला आधी वाटलं, कुणी आडवं जात असेल. कुणी जात नव्हतं. मागून हॉर्न वाजला, मग दुसरा, मग एकानं तर हॉर्नवरून हात उचललाच नाही. बाबांनी आरशात बघितलं, म्हणाले, “काय घाई असते लोकांना!” आणि बसूनच राहिले. “बाबा,” ती शेवटी म्हणाली, “हिरवा आहे.” “हो हो,” म्हणत त्यांनी गाडी पुढे घेतली, अगदी झोकात, गिअर बदलताना जराही खरखर नाही, आणि पुढच्या चौकापर्यंत ते शेजाऱ्याच्या फुटलेल्या नळाची गोष्ट रंगवून सांगत राहिले. प्रसंग म्हटला तर एवढाच. कुणाला सांगितला असता तर तो म्हणाला असता, अगं होतं असं, माझंही होतं कधीकधी. तिचंही झालं असतं. पण आज बाबा परीक्षेला निघाले होते. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसानं यापुढे गाडी चालवायची की नाही, हे ठरवणारी परीक्षा. आणि ती परीक्षा तिनं बांधली होती.

बांधली म्हणजे प्रश्न तिनं काढले नव्हते. प्रश्न काढणारे वेगळे, चित्रं काढणारे वेगळे, पडदे आणि बटणं जोडणारे वेगळे. तिचं काम या सगळ्यांच्या आधीचं. परीक्षा कुठे आणि किती अचूक असायला हवी, हे ती ठरवायची. नात्यातल्या लोकांना ते कधी धड कळलंच नाही. पेपर तपासतेस का? नाही. मग पेपर काढतेस? नाही. मग करतेस तरी काय बाई? बाबा मध्ये पडायचे. “माणसं मोजते ती. आमची मोजणीबाई आहे.” हसण्यावारी नेण्यासारखं असलं तरी ते खोटं नव्हतं. तिच्या शास्त्रात माणसाची कुवत एका लांब पट्टीवर कुठेतरी असते आणि प्रत्येक प्रश्नाचं काठिण्यही त्याच पट्टीवर असतं. सोपा प्रश्न तल्लख माणसाला विचारला तर तो उत्तर देणारच, त्यातून काही कळत नाही. अवघड प्रश्न थकलेल्या माणसाला विचारला तर तो चुकणारच, त्यातूनही काही कळत नाही. उत्तर येईल की नाही हे जिथे कुणालाच सांगता येत नाही, तिथे विचारलेला प्रश्नच काहीतरी सांगून जातो. म्हणून परीक्षा घेणारं मशीन बरोबर उत्तराला जरा अवघड प्रश्न काढतं, चुकीच्या उत्तराला जरा सोपा, आणि असं करत करत माणसाच्या जवळ सरकतं. प्रत्येक प्रश्नाला त्याचा अंदाज थोडा पक्का होतो, अंदाज चुकू शकेल तो पल्ला थोडा अरुंद होतो. शून्य मात्र तो कधीच होत नाही. हे वाक्य तिनं इतक्यांदा, इतक्या बैठकांमध्ये म्हटलं होतं की आताशा ते म्हणताना तिचं तिलाही ऐकू येत नसे.

हे सगळं ती मोठेपणी वर्गात शिकली, पण त्याच्या कितीतरी आधी बाबांच्या दुकानात तिनं ते ऐकलं होतं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. शाळा सुटली की ती तिथे स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि पडद्याआडून बाबांचा आवाज यायचा, “हे बरं की हे? आणि आता?” गिऱ्हाईक आधी पटापट सांगायचं, मग थांबून थांबून, मग अगदी गोंधळून म्हणायचं, “दोन्ही सारखंच वाटतंय हो.” “झालं तर मग,” असं म्हणून बाबा काचा उतरवायचे. त्या काचा एका लांब पेटीत मखमलीवर उभ्या असायच्या, धातूच्या कडा असलेल्या, आणि त्यांना हात लावायची तिला बंदी होती. एकदा तिनं विचारलं होतं, सारखंच वाटतंय म्हणतात, तर अजून बारीक का नाही विचारत? बाबा म्हणाले, “पाव नंबराच्या खाली माणसाला फरक कळत नाही, बाळ. तिथे हट्ट धरला की माणूस काहीतरी सांगायचं म्हणून सांगतो.” आणि मग तिच्या वेणीला हलकासा हिसका देऊन, “कुठे थांबायचं ते आधी ठरवावं, मग काच हातात घ्यावी.” पुढे एका थंडगार वर्गात सरांनी फळ्यावर टेकडीसारखी एक रेषा काढून, परीक्षा बांधण्याआधी अचूकतेचं लक्ष्य ठरवा, असं सांगितलं, तेव्हा सगळा वर्ग माना खाली घालून लिहून घेत होता आणि तिला एकटीला हसू फुटलं होतं. हे तर आमच्या दुकानातलं, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं होतं.

आता बाबा गाडी लावत होते. परीक्षाकेंद्राच्या मागे गाड्यांसाठी आखलेल्या चौकोनांत एक जागा होती, अडचणीची, दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये. बाबांनी एका दमात, मागे न बघता, आरशांवर भिस्त ठेवून गाडी आत घातली. दोन्ही बाजूंना सारखं अंतर. “बघ,” ते म्हणाले, “तुझ्या त्या मशीनला जमेल का हे?” तिनं हसून दाखवलं. हा माणूस आणि मघाचा, सिग्नलवरचा माणूस, दोघांना एका पट्टीवर एकाच जागी कसं ठेवायचं, हे तिला कळेना. हातांना सगळं येत होतं. हातांच्या वर कुठेतरी काहीतरी वाट बघत थांबलं होतं.

आत गेल्यावर खिडकीवरच्या बाईंशी बाबांनी लगेच सूत जमवलं. “ताई, नापास झालो तर घरी जायला बस कुठून मिळते तेवढं आधीच सांगून ठेवा.” बाई हसल्या, “काका, तुमच्यासारखे आले की आमचा दिवस बरा जातो.” मग काचेपलीकडच्या दारातून ते आत गेले, जाताना त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली, आणि ती भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. त्या काचेतून नुसता समोरचा पांढरा पॅसेज दिसायचा. पॅसेजमध्ये छोट्या छोट्या बंद खोल्या, प्रत्येकीत एक पडदा, दोन बटणं, पायाखाली एक पेडल. नकाशात तिनं या खोल्या शंभरदा पाहिल्या होत्या. बाहेरच्या खुर्च्यांचा विचार मात्र कुणी केला नव्हता. खुर्ची टोचत होती.

दोन वर्षांपूर्वी, ही परीक्षा बांधायला घेतली तेव्हाच्या बैठकीत तिचे साहेब म्हणाले होते, “मॅडम, फाफटपसारा नको. सरळ सांगा, प्रश्न किती?” “प्रश्न किती ते मागाहून, साहेब. आधी तुम्ही सांगा, चूक किती चालेल?” “चूक?” साहेबांनी टेबलाभोवती बघितलं. “चूक मुळीच चालणार नाही!” सगळ्यांनी जोरात माना डोलावल्या. मग तिनं त्यांना समजावलं की मुळीच चूक नको असेल तर माणूस त्या खोलीत बसून म्हातारा होईल, आणि इथे येणारे आधीच म्हातारे आहेत. ते हसले. हसले की माणसं ऐकतात, एवढं तिला नोकरीनं शिकवलं होतं. तिनं फळ्यावर पट्टी काढली आणि पट्टीवर एक उभी रेघ मारली. रेघेच्या अलीकडे परवाना नाही, पलीकडे आहे. “अचूकता मला इथे हवी,” ती रेघेभोवती खडू घोळवत म्हणाली, “रेघेच्या आसपास. जो अगदीच भरकटलेला आहे आणि जो तरण्याताठ्याला लाजवेल इतका तल्लख आहे, त्या दोघांना बारीक मोजून आपल्याला करायचंय काय? तिथे ढिलं चालेल.” साहेबांना त्या पट्टीवर पॉइंट पाचपर्यंत इकडेतिकडे चूक चालणार होती, कारण त्यात प्रश्न कमी लागत होते आणि रांग लवकर सरकत होती. ती पॉइंट तीनवर अडून बसली. तीन बैठका भांडली. एकदा तर आवाज चढला आणि साहेब म्हणाले, “अहो, तुम्ही जसं काही तुमच्या वडलांनाच बसवणार आहात परीक्षेला!” सगळ्यांबरोबर तीही हसली. शेवटी पॉइंट तीनच ठरलं. प्रश्नांची सगळी पेढी, म्हणजे मशीन ज्यातून प्रश्न उचलतं तो साठा, त्याप्रमाणे उभी राहिली, रेघेजवळ दाट, टोकांना विरळ. मशीन कधी थांबणार हेही तिनंच ठरवून दिलं. अंदाज चुकण्याचा पल्ला सगळाच्या सगळा रेघेच्या एका बाजूला आला की थांबायचं, किंवा मग प्रश्न संपले की. त्या दिवशी घरी जाताना ती गाणं गुणगुणत होती.

म्हणून आता तिला घड्याळाकडे बघायची गरज नव्हती आणि तरी ती बघत होती. लवकर बाहेर आला तो माणूस रेघेपासून लांब, इकडे किंवा तिकडे. उशिरा आला तो रेघेवर लोंबकळणारा. बाबांच्या आधी आत गेलेली, काठी घेतलेली एक आजी बाहेर आली आणि खिडकीशी जाऊन काही न बोलता पर्स उघडून परवाना काढून देऊ लागली. तिच्याबरोबरची सून म्हणाली, “आई, अजून मागितला नाहीये त्यांनी.” “मागतीलच,” आजी म्हणाली. खुर्चीत बसल्या बसल्या मोजणीबाईनं तोंड फिरवलं. मागे एकदा असाच एक माणूस तिच्या कचेरीत शोधत शोधत येऊन पोचला होता. नापास झालेला. तो भांडला नाही, रडला नाही. खुर्चीच्या काठावर बसून त्यानं एवढंच विचारलं, “माझ्यात आणि त्या शेवटच्या पास झालेल्यात फरक किती?” ती खरं बोलली होती. म्हणाली, “फारसा नाही. कदाचित काहीच नाही. पण रेघ कुठेतरी मारावी लागते.” तो उठला, आभार मानले त्यानं, आणि गेला. तो गेल्यावर तिनं खिडकी उघडली होती, का ते तिला आठवत नव्हतं.

बाबांना या परीक्षेचं पत्र घरी आलं होतं तेव्हा तिच्या मनात तोच माणूस आला होता. बाबा तसे ठणठणीत. किल्ल्या विसरतात, नावं विसरतात, पण ते तर आयुष्यभर विसरत आले. ते पास होण्यासारखेच होते, याबद्दल तिला संशय नव्हता. तिला भीती होती ती उरलेल्या चुकीची, त्या पॉइंट तीनची. पट्टीवर बाबा रेघेच्या जरासे पलीकडे असतील, आणि एखाद्या वाईट सकाळी ती चूक नेमकी त्यांच्याच वाट्याला येईल, आणि मग आईला व्यायामाला कोण नेणार? आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं सगळं जग त्या गाडीतून बाबांच्या शेजारी बसून जात होतं, व्यायाम, बाजार, मैत्रीण, वाचनालय. म्हणून मग ती रोज संध्याकाळची आईबाबांच्या घरी येऊ लागली. टॅबलेट घेऊन. “चला बाबा, खेळू या.” बाण कुठल्या दिशेला होता, मघाच्या चित्रात काय नव्हतं, दोन पाट्यांपैकी आधी कुठली आली. पेढीतले खरे प्रश्न तिनं वापरले नाहीत. तसं ती कधीच करणार नव्हती. चित्रं बदलली, आकडे बदलले, रंग बदलले. सख्खे नव्हेत, चुलत प्रश्न. आणि ते तिनं कुठल्या काठिण्याचे निवडले? अर्थातच रेघेच्या आसपासचे, कारण पेढी दाट होती ती तिथेच. दुसऱ्या कुणी आपल्या वडलांची तयारी करून घेतली असती तर सोप्यापासून सुरुवात केली असती, अवघडात वेळ घालवला असता, निम्मी मेहनत पाण्यात गेली असती. तिची एक मिनिटही वाया गेली नाही. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी ही परीक्षा द्यायची नाही, त्यांनी निरीक्षकाला शेजारी बसवून रस्त्यावरची द्यायची, असा नियम होता. तो तिला तोंडपाठ होता. त्याकडे तिनं काणाडोळा केला. बाबा भराभर सुधारत गेले. एका संध्याकाळी टॅबलेट बाजूला ठेवून ते म्हणाले, “इतक्या वर्षांत तू अशी रोज येऊन बसली नव्हतीस गं.” तिला इतका आनंद झाला की ती त्या दिवशी जेवूनच गेली.

फोन थरथरला. आई. “गेले का आत?”

“गेले.”

“नीट आलात ना?”

ती उठून पाण्याच्या यंत्रापाशी गेली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, “आई, सिग्नलला थांबून राहिले गं ते. हिरवा झाला तरी. मागून सगळे ओरडत होते.”

“मग तू ‘चला’ म्हणाली नाहीस का?” आई म्हणाली.

“म्हणजे?”

“अगं, म्हणावं लागतं. माझी मेलीची चूक, तुला सांगायला विसरले. लाल दिसला की ‘थांबा’ म्हणायचं, हिरवा झाला की ‘चला’. वळायच्या थोडं आधी ‘आता उजवीकडे’. एवढं सांगितलं की पुढे काही बघायला नको. चालवतात छानच.”

तिनं भिंतीला हात टेकला. “कधीपासून?”

“झालं की वर्ष. वर्षावरच झालं असेल.”

“आणि तू मला बोलली नाहीस?”

“बोलून काय झालं असतं?” आई शांतपणे म्हणाली. “तू मोजायला बसली असतीस.” मग जरा थांबून, समजावणीच्या सुरात, लहानपणी ताप आल्यावर बोलायची तसं, “हे बघ, दोघं मिळून एक धड माणूस होतोय ना, मग झालं तर. उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. आणि परवाना कायम राहिला की लगेच फोन कर मला.”

फोन ठेवून ती खुर्चीत येऊन बसली, आणि मग कितीतरी वेळ ती तिथे नव्हतीच. ती गाडीच्या मागच्या सीटवर होती, गेल्या वर्षभरात जेव्हा जेव्हा त्या दोघांबरोबर गेली तेव्हाची, फोनमध्ये डोकं घालून, आणि पुढून आईचा आवाज, “चला,” “जरा हळू,” “आता उजवीकडे.” तिला तो आवाज कटकटीचा वाटायचा. एकदा ती म्हणालीही होती, “आई, त्यांना कळतं, गप्प बस ना जरा.” आई गप्प बसली होती का? बहुतेक नाही. म्हणजे रोज, प्रत्येक चौकात, मोडलेल्या खुब्याची एक बाई डोळ्यांत तेल घालून समोर बघत होती आणि आपल्या नवऱ्याला रस्ता वाचून दाखवत होती, आणि माणसं मोजणारी त्यांची मुलगी मागे बसून ईमेल वाचत होती. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. आणि त्या शरमेच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं, थंड, तिच्या कामातलं. खोलीत आत्ता काय चाललं असेल ते तिला दिसलं. पडद्यावर प्रत्येक प्रश्नाच्या आधी ‘टुण्ण’ असा आवाज होतो. तो आवाज तिनंच मागून घेतला होता, कारण म्हाताऱ्या माणसांना पडदा बदललेला पटकन कळत नाही आणि मग उत्तरांमध्ये नको ती गडबड शिरते, अचूकता घटते. टुण्ण झालं की बाबा बघतात. बघितलं की उत्तर देतात, आणि बरोबर देतात, कारण तिनं त्यांना तयार केलं आहे. रस्त्यावर कुणी टुण्ण करत नाही. रस्त्यावर शेजारी आई असते. एखाद्या दिवशी आई पर्समध्ये रुमाल शोधत असेल, किंवा तिला खोकला येईल, किंवा बाबा एकटेच दूध आणायला म्हणून निघतील. परीक्षा जे मोजत होती ते ती पॉइंट तीनपर्यंत मोजत होती, त्यात खोट नव्हती. फक्त त्या मोजण्यातली निम्मी कमाई तिची होती आणि उरलेली त्या टुण्णची. बाबा त्यात कुठे होते?

मग तिनं घासाघीस सुरू केली, स्वतःशीच. त्यांना प्रश्न कठीण जातील. जाऊ देत. नापास होऊ देत, मशीनच सांगेल, मला काही बोलावं लागणार नाही. आपल्या वडलांनी नापास व्हावं असं आपण खुर्चीत बसून मनापासून मागतो आहोत, हे लक्षात आल्यावर तिनं डोळे घट्ट मिटले. नाहीतर निदान उशीर तरी व्हावा, ते रेघेवर अडकावेत, प्रश्न संपावेत, मग पुन्हा बोलावतील, महिना मिळेल, महिन्यात काहीतरी सुचेल. किंवा पास होऊ देत आणि घरी नेऊन मी त्यांना सांगेन, बाबा, आता पुरे. ऐकतील? निकालाचा कागद नाकापुढे नाचवतील. तुझंच मशीन म्हणतंय, म्हणतील, आणि त्यावर तिच्याकडे बोलायला काय उरेल? किंवा काहीच सांगू नये. वर्षभर चाललंच आहे, दोघं मिळून एक धड माणूस होतोच आहे. आईसुद्धा तेच म्हणते. वर्षभर एका गाडीला ओरखडा उठलेला नाही. हा विचार इतका मऊ होता की ती त्यात क्षणभर टेकली. मग तिला समोरच्या फुटपाथवरून, काचेच्या दारापलीकडे, एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडायला थांबलेली दिसली, आणि ती ताडकन उठून उभी राहिली. ती बाई रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. काही झालं नाही.

आतलं दार उघडलं. इतक्या लवकर? बाबा आले ते हातवारे करतच. “सुटलो बुवा! मशीन कंटाळलं माझ्यापुढे. जरा कुठे मजा यायला लागली तर म्हणे, धन्यवाद, परीक्षा संपली.” खिडकीवरच्या बाईंनी त्यांच्या पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “काका, एवढ्या लवकर ते कुणाला सोडत नाही हो. स्पष्ट पास! रेघेच्या पार पलीकडे.” बाबांनी तिच्याकडे वळून दोन्ही हात पसरले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा हसत होता. “मोजणीबाई,” ते म्हणाले, “घ्या मोजून!”

तिनं त्यांचे हात हातात घेतले. उबदार होते, कोरडे. मग ते सोडून ती खिडकीपाशी गेली. “हा निकाल पक्का झाला का?”

“बटण दाबलं की झाला,” बाई म्हणाल्या. “दाबतेच आता.”

“नका दाबू. रद्द करा.”

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “अहो, पास झालेत ते.”

“मी त्यांची मुलगी आहे आणि ही परीक्षा मी बांधली आहे. मुख्य कचेरीत असते मी. आमच्या घरच्यांना या परीक्षेला बसता येत नाही. आणि मी घरी त्यांची तयारी करून घेतली, याच धर्तीच्या प्रश्नांची. हा निकाल त्यांचा नाही.” हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. सांगताना तिला साहेब दिसले, पुढची चौकशी दिसली, आपल्या टेबलावर बसलेलं दुसरं कुणीतरी दिसलं, आणि त्याचं तिला विशेष काही वाटलं नाही. पाठीमागे बाबा उभे आहेत, एवढंच तिला जाणवत होतं. तिकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

“खेळ खेळलो आपण,” बाबा म्हणाले. “ते... ते खेळ होते ना?”

“हो बाबा. तेच.”

“म्हणून येत होतीस?”

बाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. “मॅडम, एकदा रद्द केलं की परत आणता येत नाही,” त्या चाचरत म्हणाल्या. “त्यांना मग रस्त्यावरची द्यावी लागेल, निरीक्षकाबरोबर. तोवर परवाना इथेच ठेवून घ्यावा लागतो. नक्की खात्री आहे ना तुमची?”

सबंध आयुष्यात या प्रश्नाला तिनं कधी पल्ला सांगितल्याशिवाय उत्तर दिलं नव्हतं. “पूर्ण,” ती म्हणाली.

बाबांचा चेहरा लाल झाला होता. “मशीननं पास केलं,” ते म्हणाले, आवाज चढवून, इतका की भिंतीकडेची सगळी माणसं बघू लागली, “मशीननं पास केलं आणि पोटच्या पोरीनं नापास केलं! वा!” ती खाली मान घालून उभी राहिली. तिला वाटलं, आता हे तडक निघून जातील, गाडी काढतील, आणि मी काय करणार, गाडीपुढे आडवी पडू? पण ते गेले नाहीत. ते तिथेच उभे राहिले, श्वास जोरात चालू होता. “निरीक्षक म्हणजे माणूस असतो का?” त्यांनी बाईंना विचारलं. “शेजारी बसतो?” “हो काका.” “बोलतो?” “नाही, काका. त्यांना बोलायची परवानगी नसते. नुसते बसतात.” बाबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग खिशात हात घालून त्यांनी परवाना काढला, त्यावरचा आपला जुना फोटो बघितला आणि तो काउंटरवरून बाईंकडे सरकवला. “ठेवा,” ते म्हणाले. “ती रस्त्यावरची मला नको.”

बाहेर ऊन लागत होतं. दोघं गाडीपर्यंत चालत आले, मध्ये एक हात अंतर ठेवून. तिचा फोन पुन्हा थरथरायला लागला. पडद्यावर आईचं नाव बघून ती तशीच उभी राहिली. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं? बाबांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

“हां, बोल. हो, पास झालो. मग काय तर! पहिल्या फटक्यात.” ते गाडीच्या टपावर कोपर टेकून उभे होते, तिच्याकडे पाठ करून. “नाही, नाही, तसं नाही. गाडी आता ही चालवणार आहे. का म्हणजे? चालवणार आहे. तुला व्यायामाला हीच नेईल, नाहीतर टॅक्सी करू, बघू. अगं, रडतेस काय?” मग त्यांचा आवाज उतरला, तिला जेमतेम ऐकू येईल इतका. “ऐक. पूर्वी गाडीत बसलीस की पहिल्या वळणाला तुला डुलकी लागायची. आता खुशाल लागू दे. दमलीस फार.”